घर विकून मुलाला शर्यतीत उतरवावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्यात वाकडला राहणारे एक गृहस्थ लिहितात: "मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, पत्नी बँकेत. मुलगी दहावीत, मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. नवव्या वाढदिवसाला त्याला गो-कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या ट्रॅकवर नेलं आणि तिथून त्याला वेड लागलं. आता तो राष्ट्रीय स्पर्धांत उतरतो, गेल्या मोसमात दोनदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत होता. कोल्हापूर, बंगळूर, चेन्नई करत वर्षाला चौदा लाख गेले, त्यातले सहा कर्जाचे. त्याचे प्रशिक्षक म्हणतात, पोरात दम आहे, पण तेराव्या वर्षी युरोपात गेला नाही तर फॉर्म्युला वनचं दार कायमचं बंद. त्यांच्या ओळखीचा इटलीतला एक संघ त्याला घ्यायला तयार आहे. पंधरा वर्षं हप्ते भरून फेडलेला राहता फ्लॅट आणि जुन्नरकडची वडिलांची जमीन विकली तर सव्वा कोट उभे राहतील. पत्नीचा ठाम विरोध आहे, घरात अबोला आहे. मुलीची काही तक्रार नसते. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता लुइस हॅमिल्टन, त्याच्या वडिलांनी एका वेळी तीन-तीन नोकऱ्या केल्या. तिथलाच ड्रायव्हर एस्तेबान ओकोन, त्याच्या आईवडिलांनी घर विकलं. मी कच खाल्ली तर उद्या मुलगा मला माफ करेल का? तो किती जबाबदार आहे ते सांगतो. मागच्या शर्यतीत जोरात धडक झाली. बाहेर आल्याआल्या त्याने पहिलं कार्टच्या सांगाड्याबद्दल विचारलं, 'बाबा, चॅसिस वाकली का? किती खर्च येईल?' एवढी जाण असलेल्या मुलाला मी अडवू कसा?"

उत्तर:

आधी पैशांचा हिशेब करू. तुमच्या पत्रात बाकी सगळं आहे, तोच तेवढा नाही.

युरोपात आघाडीच्या संघाकडून कार्टिंगचा पूर्ण मोसम करायचा तर एक ते दोन लाख युरो लागतात. आपल्या पैशांत ढोबळमानाने एक ते दोन कोटी. म्हणजे वडिलांची जमीन आणि तुमचं पंधरा वर्षांचं घर मिळून एक मोसम होतो. मधल्या फळीतला संघ घेतला, राहण्या-जेवण्यात काटकसर केली, तर फार तर दोन. आणि हा खर्च अजून कार्टिंगचाच आहे. कार्टिंगनंतरची पहिली पायरी फॉर्म्युला फोर. त्या गाडीत बसायला मुलाला पंधरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यानंतर फॉर्म्युला रिजनल, मग फॉर्म्युला थ्री, मग टू, आणि दर वेळी मागच्यापेक्षा मोठी रक्कम. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी काही वर्षांपूर्वी कार्टिंगपासून फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यापर्यंतचा खर्च सत्तर-ऐंशी लाख युरोंच्या घरात धरला होता. आजच्या दराने सत्तर-ऐंशी कोटी रुपये.

तुम्हाला नाउमेद करायला मी हे आकडे मांडत नाही. तुम्ही स्वतःला जो प्रश्न विचारताय, 'मी बाप म्हणून पुरेसा त्याग करतोय का', त्याचा या खेळाशी संबंधच नाही हे तुमच्या ध्यानात यावं, एवढ्यासाठी मांडतेय. तुम्ही घर विकलंत तरी मुलगा फॉर्म्युला वनच्या जवळ जात नाही. तो चौदाव्या वर्षी इटलीतल्या एखाद्या ट्रॅकवर असेल, पैसे संपलेले असतील आणि पुढच्या मोसमासाठी पुन्हा तेवढीच रक्कम उभी करायची असेल. तेव्हा विकायला काय उरेल?

पैसे कुठूनतरी आले असं क्षणभर धरू. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी साधारणपणे वय अठरा, आणि तीन वर्षांत मिळून ४० गुण. फॉर्म्युला फोरची एखादी मालिका जिंकली तर १२ गुण मिळतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलं तर पूर्ण ४०. हे सगळं जमवलेल्या मुलांसाठी जगात जागा किती? वर्षानुवर्षं २० होत्या, २०२६ पासून अकरावा संघ आल्याने २२. त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या.

आपल्याकडच्या मुलांची वाटचाल नीट पाहा, कारण तुमच्या मुलाला त्याच रस्त्याने जायचंय. नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो पहिला भारतीय. त्याचे वडील रॅलीतले विजेते. दुसरा करुण चंढोक, २०१० साली. त्याचेही वडील रॅलीपटू आणि देशातल्या मोटारस्पोर्टचा कारभार पाहणारे. २०१२ चा मोसम संपला आणि त्यानंतर आजवर एकही भारतीय ड्रायव्हर तिथे शर्यतीत उतरलेला नाही. मधल्या काळात गुणी मुलं झाली नाहीत असं मुळीच नाही. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या तेव्हाच्या फोर्स इंडिया संघाच्या शोधमोहिमेत निवडला गेला, लहान वयातच युरोपात गेला, पुढे रेड बुलच्या युवा गटात आला, चार मोसम फॉर्म्युला टूमध्ये धावला, शर्यतीही जिंकला. वडील मोठे उद्योजक. वेग होता, पैसा होता, मोठ्या संघाचा हात पाठीवर होता. तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही, आणि तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेकडे वळला. बंगळूरचा कुश मैनी उद्योजक घराण्यातला. त्याने २०२५ मध्ये मोनॅकोच्या रस्त्यांवर फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली. मोनॅकोत जिंकणं म्हणजे काय, हे तुमच्या मुलाला विचारा, तो तासभर सांगेल. इतकं करूनही त्यापुढचं दार कुणासाठी आपोआप उघडत नाही.

हे मी अभिमानाने लिहितेय. या मुलांनी जे केलं ते अफाट आहे. पण त्यांच्या घरच्यांना राहतं छप्पर विकावं लागलं नव्हतं.

हॅमिल्टन आणि ओकोन यांची उदाहरणं तुम्ही दिलीत. दोन्ही खरी आहेत. ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं, कुटुंब कॅरॅव्हॅनमध्ये राहिलं. मात्र ज्या घरांनी हेच केलं आणि ज्यांचं पोर कुठेच पोचलं नाही, त्यांच्या मुलाखती कोण घेतं? आपल्यापर्यंत फक्त जिंकलेल्यांच्या कहाण्या येतात, आणि बाप म्हणून आपण नेमक्या त्याच मनाला लावून घेतो. हॅमिल्टनच्या बाबतीत तर बारकाईने पाहायला हवं. वडील राबले, अगदी खरं. पण ते इंग्लंडमध्ये राबले, जिथे घरापासून थोड्या अंतरावर ट्रॅक होते, जगातली उत्तम मुलं त्याच ट्रॅकवर धावत होती, आणि मुलगा रात्री घरी येऊन झोपत होता. १९९८ साली, तो तेरा वर्षांचा असताना, मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. तिथून पुढचा मोठा खर्च त्यांनी उचलला. या खेळात साध्या घरातलं मूल वर जातं ते असंच: घरच्यांची ऐपत संपायच्या आत दुसरं कुणीतरी पैसे घालायला पुढे येतं. तेव्हा तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न असा: आज माझ्या मुलावर माझ्याखेरीज कुणी एक रुपया लावायला तयार आहे का? इटलीतला संघ 'घ्यायला तयार' आहे असं तुम्ही लिहिता. तो पैसे घेऊन घेणार आहे, की पैसे घालून? पहिलं असेल तर ती निवड नव्हे, ते गिऱ्हाईक आहे.

प्रशिक्षकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. युरोपातली मुलं आठव्या-नवव्या वर्षापासून तीस-तीस कार्टच्या गर्दीत धावतात. आपल्याकडे एकेका गटात मोजकीच मुलं असतात. मागून-पुढून धक्के खात जागा काढायची सवय गर्दीशिवाय लागत नाही, ती उशिरा शिकणं अवघड जातं. तरीही त्यांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: मुलगा त्या संघात गेला तर तुम्हाला काही मिळणार आहे का? त्यांच्यावर संशय घ्या म्हणून मी हे सांगत नाही. ओळख करून देणाऱ्याला मोबदला मिळणं हे काही पाप नाही. पण तो मिळणार असेल, तर त्यांचा सल्ला हा तिऱ्हाइताचा सल्ला राहत नाही, आणि तुम्हाला आज तिऱ्हाइताचाच सल्ला हवाय.

तोही मिळू शकतो. तुमचा मुलगा कुठे जातो यात ज्याचा काडीचा फायदा-तोटा नाही अशा दुसऱ्या संघाच्या माणसाला एक दिवस ट्रॅकवर बोलवा, त्याची फी द्या. मुलाच्याच वजनाच्या, त्याच्याहून वरचढ मानल्या जाणाऱ्या मुलाबरोबर कार्टची अदलाबदल करून दोघांनाही चालवायला सांगा. पोडियम किती वेळा, यापेक्षा या एका दिवसातून जास्त कळेल. कार्टला सस्पेन्शन नसतं, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं, मागचा अॅक्सल (चाकं जोडणारा दांडा) एकसंध असतो. वळणात आतल्या बाजूचं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं तरच कार्ट मोकळेपणी वळतं, नाहीतर पुढची चाकं घसटत बाहेर जातात. ते चाक किती उचलू द्यायचं आणि बाहेर पडताना कधी टेकवायचं, हे काही मुलांना पाठीतून कळतं. ते थंड टायरवरच्या पहिल्या लॅपमध्ये दिसतं, पावसात दिसतं, झिजलेल्या टायरवर दिसतं, आणि कधी न पाहिलेल्या ट्रॅकवर मूल किती लवकर वेळ खाली आणतं त्यात दिसतं. पाहणाऱ्याला हेच पाहायला सांगा, आणि मत लेखी घ्या. मत चांगलं आलं तर आनंदच आहे. तसं नाही आलं तर मुलाला कमी लेखायचं कारण नाही, एवढंच की सव्वा कोटींचा विचार तिथेच संपला.

आता त्या वाक्याकडे येते. 'बाबा, चॅसिस वाकली का? किती खर्च येईल?'

तुम्ही ते कौतुकाने लिहिलंत. मला ते वाचून काळजी वाटली. बारा वर्षांचं पोर धडकेतून बाहेर पडतं. कार्टमध्ये धक्का झेलायला काही नसतं, सगळा मार बरगड्यांवर आणि मानेवर येतो. बरगड्यांचं कवच घातलं तरी शर्यतीनंतर चार-चार दिवस खोकताना दुखतं. अशा वेळी मुलाने रडावं, चिडावं, ज्याने धडक दिली त्याच्या नावाने ओरडावं, 'पाणी द्या' म्हणावं. तुमच्या मुलाने खर्च विचारला. म्हणजे घरातलं कर्ज त्याला ठाऊक आहे. आईबाबा का बोलत नाहीत हेही ठाऊक आहे. आणि हे सगळं आपल्यामुळे चाललंय, असं त्याने मनाशी धरलंय.

आता कल्पना करा, फ्लॅट विकलाय. मुलगा परदेशातल्या ट्रॅकवर पहिल्या वळणाकडे निघालाय, दोन्ही बाजूंना कार्ट चिकटलेत. इटालियन किंवा पोलिश मुलाला तिथे फक्त वळण दिसतं. तुमच्या मुलाला वाकडचं घर दिसेल. तो हातभर आधी ब्रेक मारेल. कोण मारणार नाही? आणि संध्याकाळी लॅपटाइम कमी का पडला यावर तुम्ही दोघं डोकं खपवत बसाल, तो खरं कारण सांगू शकणार नाही. मुलाच्या वेगासाठी म्हणून जे करायचं म्हणताय, तेच त्याचा वेग खाईल. तुमचं प्रेम मला पत्राच्या ओळीओळीत दिसतं, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितेय.

'तो मला माफ करेल का' असं तुम्ही विचारता. तुम्ही घर राखलंत, तर एखादे दिवशी तो चिडेल, दार आपटेल. ते तुम्हाला झेपेल. तुम्ही घर विकलंत आणि सोळाव्या वर्षी त्याला परत यावं लागलं, तर त्याला स्वतःला माफ करावं लागेल. ते त्याला झेपणार नाही, आणि त्यात त्याची काडीची चूक नसेल.

तुमच्या पत्नीबद्दल. पत्रात त्या 'विरोध' म्हणून एका ओळीत येतात. त्या बँकेत आहेत. कर्ज थकलं की घरांचं काय होतं हे त्या रोज पाहत असतील. मला वाटतं त्या मुलाच्या विरोधात नाहीत, घरात हिशेब करणारं एकच माणूस उरलंय आणि ते त्या आहेत. त्यांना हो-नाही विचारू नका. 'किती रक्कम गेली तर तुला रात्री झोप लागेल?' असं विचारा, आणि जो आकडा येईल त्यापासून बोलणं सुरू करा.

मुलीबद्दल तर तुम्ही जेमतेम सहा शब्द लिहिलेत. तिची तक्रार नसते, हे तिला विचारून लिहिलंय का? ती दहावीत आहे. दोन वर्षांत तिच्या शिक्षणाचा खर्च उभा राहील. शनिवार-रविवार तुम्ही दोघं ट्रॅकवर, आई घरी कर्जाच्या काळजीत, आणि ती आपल्या खोलीत अभ्यास करतेय. ज्या घरात एका मुलाचं वेळापत्रक म्हणजेच घराचं वेळापत्रक होतं, तिथे दुसरं मूल मागणं सोडून देतं. या महिन्यात एक रविवार फक्त तिच्यासाठी ठेवा. स्पर्धा असली तरी. तिच्या शिक्षणाचे पैसे वेगळ्या ठेवीत घाला आणि तिला ते सांगा, म्हणजे भावाच्या प्रत्येक टायरच्या सेटमागे तिला आपली फी दिसणार नाही.

मग करायचं काय? मुलाला कार्टमधून उतरवा असं मी अजिबात म्हणत नाही. या वयात ज्या मुलाला एक गोष्ट इतकी मनापासून आवडते, त्याच्या हातून ती काढून घेणं क्रूरपणा होईल.

पहिलं म्हणजे कर्ज बंद. राहतं घर, जमीन, मुलीचं शिक्षण, तुमची निवृत्ती आणि दवाखान्यासाठीची गंगाजळी, यातल्या कशालाही हात लावायचा नाही हे दोघांनी मिळून कागदावर लिहा. उरलेल्यातून वर्षाला जी रक्कम निघेल, तोच मोसम. चौदा लाखांऐवजी सहा निघाले तर सहांत बसवा: सगळ्या फेऱ्यांऐवजी निवडक फेऱ्या, नव्या चॅसिसऐवजी जुनी, सरावाला नवे टायर नाहीत. कोल्हापूरला मोहिते यांच्या ट्रॅकवर सराव करता येतो हे पुणेकरांचं भाग्य आहे. चेन्नईपेक्षा प्रवास कितीतरी स्वस्त. आणि एक सांगते, कमी पैशांत झिजलेल्या टायरवर धावणाऱ्या मुलांचा हात पुष्कळदा जास्त चांगला तयार होतो.

संघाशी बोलताना एकरकमी आकडा कधीच मान्य करू नका. इंजिनाचं भाडं, टायर, मेकॅनिक, प्रवेश फी, वाहतूक, डेटा, सगळं सुटं सुटं मागा. मोडतोडीचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. बहुतेक घरं तिथेच बुडतात, कारण करारात ती ओळ नसते आणि बिल मोसम संपल्यावर येतं.

परदेश पाहायचाच असेल तर मोसम न घेता आठवड्याची चाचणी घ्या किंवा एकच स्पर्धा करा. त्यातून प्रशिक्षकांना जे पाहायचंय ते त्यांना कळेल आणि तुम्हालाही. स्वस्त वाटाही आहेत. मोटारस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिची कार्टिंग अकादमी ट्रॉफी याच वयोगटातल्या मुलांसाठी घेतली जात आली आहे. तिथे सगळ्यांना सारखंच साहित्य मिळतं, त्यामुळे बापाची तिजोरी शर्यत जिंकू शकत नाही, आणि त्या त्या देशाच्या महासंघाकडून नाव जावं लागतं. पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेला शार्ल लेक्लेर २०११ मध्ये ती जिंकला होता. आपल्याकडचा महासंघ म्हणजे एफएमएससीआय. मुलाचं स्पर्धा-लायसन्स त्यांचंच असणार. ती ट्रॉफी सध्या होते का आणि नामांकनाचे निकष काय, हे त्यांना लेखी विचारा. कार्टची इंजिनं बनवणाऱ्या रोटॅक्सच्या राष्ट्रीय मालिकेतल्या विजेत्यांनाही जागतिक अंतिम स्पर्धेची संधी मिळत आली आहे. पुढे पंधराव्या वर्षी मुलगा खरंच तयार असेल, तर २०२३ पासून फॉर्म्युला फोरची भारतीय मालिकाही सुरू झाली आहे. घर सोडून जायची गरज नाही.

प्रायोजक शोधताना मोठ्या कंपन्यांच्या मागे वर्ष घालवू नका. तुम्ही ज्या धंद्यात आहात त्यातच चाकण, भोसरी, रांजणगावला छोटे कारखानदार आहेत. त्यांच्याकडे रोख रकमेपेक्षा मदत मागा: कुणी वाहतुकीला टेम्पो देईल, कुणी सुटा भाग कारखान्यात करून देईल, कुणी एका स्पर्धेची प्रवेश फी भरेल. मुलाने स्वतः त्यांच्यासमोर बसून दहा मिनिटं बोलायचं. तीन-चार माणसांनी जरी विश्वास टाकला, तरी 'माझ्याखेरीज कुणी पैसे लावेल का' या मघाच्या प्रश्नाला थोडंसं उत्तर मिळालं. कुणीच टाकला नाही, तर तेही उत्तरच आहे.

शाळा दहावीपर्यंत सुटता कामा नये. हजेरीचं मुख्याध्यापकांशी आधीच बोला. राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलांना शाळा सांभाळून घेतात, फक्त आयत्या वेळी गेलं की अडतं. आणखी एक, वजनाकडे लक्ष ठेवा. पुढच्या दोन वर्षांत तो झपाट्याने वाढेल, आणि कार्टमध्ये जड मुलाचा वेळ जातो. कुणी त्याला जेवण कमी करायला सांगितलं तर तो प्रशिक्षक बदला. वाढत्या अंगाच्या मुलाला उपाशी ठेवून जिंकलेली शर्यत नको.

फॉर्म्युला वनच्या पलीकडेही हे जग केवढं आहे, हे त्याला आत्तापासून दाखवा. कुशचा मोठा भाऊ अर्जुन मैनी एकेकाळी फॉर्म्युला वनमधल्या हास संघाच्या युवा गटात होता. पुढे तो जर्मनीतल्या डीटीएम मालिकेत रस्त्यावरच्या मोटारींवर बेतलेल्या जीटी गाड्या चालवू लागला. पुण्याच्याच डायना पंडोले शिक्षिका आहेत, दोन मुलांची आई. त्या २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका निवड कार्यक्रमातून रेसिंगमध्ये आल्या आणि २०२४ मध्ये मोटार शर्यतीतलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. म्हणजे तेराव्या वर्षी बंद होणारं दार एकच आहे, आणि बाकीची बरीच उघडी आहेत. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची पोरं स्वतः गाडी बांधून फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला नेतात. ज्या मुलाने लहानपणी चॅसिसचा प्रत्येक नट हाताने आवळलाय, त्याची तिथे काय किंमत असते, ते तुम्ही त्या धंद्यात असल्याने माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

मुलाशी बोलायचं राहिलं. ते शर्यतीच्या दिवशी नको. कोल्हापूरहून परतताना खंबाटकी येईपर्यंत लॅपटाइमचा पंचनामा करायचा, ही सवय तुम्हाला असेल तर तीही थांबवा. गाडीत त्याला झोपू द्या. एखाद्या साध्या संध्याकाळी, पत्नी सोबत असताना, त्याला तीन गोष्टी सांगा. घर विकायचं नाही, हे ठरलंय आणि ते ठरवणं मोठ्यांचं काम होतं. कार्टचा खर्च हा आमचा विषय, धडक झाली तर तू फक्त तुला कुठे लागलं ते सांगायचं. आणि तुला हे कधी नको वाटलं तर तेही चालेल, त्यासाठी कारण द्यावं लागणार नाही. तिसरी गोष्ट ऐकून तो काय म्हणतो ते शांतपणे ऐका. 'मला चालवायचंच आहे' म्हणाला, तर आता ते त्याचं स्वतःचं म्हणणं असेल.

'मग मी फॉर्म्युला वनला जाणार नाही का?' असं त्याने विचारलं तर खोटी आशा दाखवू नका आणि 'नाही' असंही म्हणू नका. बारा वर्षांच्या मुलाला खरं पेलतं. तिथे जागा फार थोड्या आहेत, तुझ्याहून श्रीमंत आणि तुझ्याइतकीच वेगवान मुलंही मागे राहिली आहेत, आपल्याला जेवढं परवडतं तेवढ्यात तू जोरात चालव, बाहेरचं कुणी हात द्यायला आलं तर आपण सगळे मिळून विचार करू, एवढं त्याला सांगा.

आणि प्रशिक्षकांना या आठवड्यातच कळवा: या वर्षी युरोपचा मोसम नाही, अमुक रकमेत देशातल्या कोणत्या फेऱ्या बसतात त्याचा सुटा हिशेब पाठवा. त्यांचं उत्तर कसं येतं, त्यावरून पुढे त्यांच्याकडेच राहायचं की नाही ते पत्नीशी बोलून ठरवा.